कळलावीची कंदांपासून घरच्या घरी अभिवृद्धी

श्रावण-भाद्रपदात कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर, कुंपणाच्या झुडपांतून वर आलेली लाल-पिवळी, ज्वालेसारखी फुले आपण पाहिली असतीलच. हीच कळलावी. काही भागांत तिला खड्यानाग म्हणतात. कोकणात गौरीच्या पूजेत ही फुले वापरतात, म्हणून 'गौरीचे हात' हेही नाव ऐकू येते. संस्कृतात तिला अग्निशिखा आणि लांगली अशी नावे आहेत. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. तामिळनाडूचे हे राज्यपुष्प आहे आणि त्याच राज्यात बियांसाठी तिची शेतीही केली जाते.

फूल पाहून हा वेल आपल्या परसात असावा असे पुष्कळांना वाटते. मग पावसाळ्यात वेल फुलावर असताना तो खणून आणला जातो. चार दिवसांत वेल सुकतो आणि पुढच्या वर्षी त्या जागी काही उगवत नाही. घरी झाड लागत नाही आणि बांधावरचेही जाते. असे वर्षानुवर्षे होत आल्याने अनेक गावांच्या कुंपणांवरून कळलावी दिसेनाशी झाली आहे. वास्तविक योग्य वेळी काढलेल्या एका कंदापासून दुसऱ्या वर्षी दोन झाडे सहज करता येतात. त्यासाठी कंदाची रचना नीट समजून घेतली पाहिजे. या लेखात तीच माहिती दिली आहे.

प्रथम सावधगिरी

कळलावीचे कंद, पाने, फुले आणि बिया हे सर्व भाग विषारी आहेत. विषाचे प्रमाण कंदात व बियांत विशेष असते. या वनस्पतीत कोल्चिसिन नावाचे द्रव्य असते. आयुर्वेदातही लांगलीची गणना उपविषांत केलेली आहे. कंद दिसण्यात रताळ्यासारखा किंवा कोनफळाच्या तुकड्यासारखा असल्याने चुकून शिजवून खाल्ला जाण्याचे आणि त्यातून मृत्यू ओढवण्याचे प्रकार दक्षिण भारतात व श्रीलंकेत नोंदले गेले आहेत. शिजवल्याने विष नाहीसे होत नाही.

'कळ लावणारी' म्हणून कळलावी, असे नाव पडण्याचे कारण म्हणजे बाळंतपणात कळा याव्यात म्हणून पूर्वी कंदाचा लेप देण्याची प्रथा होती. ही प्रथा आई व मूल दोघांच्याही जिवावर बेतणारी आहे. ती कोणीही अवलंबू नये. कोल्चिसिनचा उपयोग गाऊट या सांध्यांच्या विकारावर होतो हे खरे आहे, परंतु ते औषध शुद्ध करून, अगदी मोजक्या मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते. घरी कंद उगाळून औषध करणे म्हणजे विष घेणेच होय.

कंद पोटात गेल्यास काही तासांत घशात जळजळ, उलट्या व पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. नंतर थोडे बरे वाटले तरी धोका टळलेला नसतो. पुढील दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड, हृदय इत्यादी अवयवांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून घरगुती उपायांत वेळ न घालवता रोग्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि झाडाचा किंवा कंदाचा तुकडा सोबत न्यावा.

लहान मुले असलेल्या घरी हा वेल हाताशी येईल असा लावू नये. कंद हाताळताना हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत. बेणे स्वयंपाकघरात किंवा रताळी, आले, हळद यांच्या शेजारी कधीही ठेवू नये. काढून टाकलेले वेल व कंद गुरांच्या वैरणीत जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.

कंदाची रचना

लांगल म्हणजे नांगर. कळलावीचा पूर्ण वाढलेला कंद नांगरासारखा दोन फाट्यांचा असतो, त्यावरून लांगली हे नाव आले आहे. हे दोन फाटे एका कोपऱ्यात जुळलेले असतात. सरलेल्या हंगामातील वेलाच्या बुडाची खूण याच कोपऱ्याशी दिसते. पुष्कळदा एक फाटा लांब व दुसरा आखूड असतो.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. प्रत्येक फाट्यास एकच डोळा असतो आणि तो फाट्याच्या अगदी टोकाशी असतो. बटाट्याच्या फोडीवर दोन-तीन डोळे राखता येतात. आल्याच्या किंवा हळदीच्या गड्ड्याचे तुकडे केले तरी प्रत्येकावर डोळा मिळतो. कळलावीचे तसे नाही. टोक मोडले की तो फाटा कितीही जाड आणि रसरशीत असला तरी बेणे म्हणून निरुपयोगी होतो. फाटा मधोमध कापून दोन तुकडे केल्यास मागचा तुकडा बिनडोळ्याचा राहतो व कुजून जातो. नांगराला जसा फाळ, तसा या कंदाला टोकाचा डोळा.

वर्षभरात जमिनीखाली काय घडते तेही पाहू. पावसाच्या सुरुवातीस टोकाचा डोळा फुटतो व त्यातून वेल वर येतो. वेल जुन्या कंदातील अन्नावर वाढू लागतो. पुढे पाने अन्न तयार करू लागली की वेलाच्या बुडाशी नवा दुफाटी कंद धरतो आणि जुना कंद सुरकुतून संपतो. म्हणजे कळलावी बहुवर्षायू असली तरी तिचा कंद दर वर्षी नवा असतो.

यावरून फुलावरचा वेल खणून आणल्यास तो का जगत नाही हे लक्षात येईल. त्या वेळी जुना कंद रिकामा झालेला असतो आणि नवा अजून भरलेला नसतो. शिवाय पाने सुकल्याने नव्या कंदाला अन्न मिळणे बंद होते. तेव्हा फुलावर असताना वेल खणू नये.

बेणे कोठून आणावे

बेणे खात्रीच्या रोपवाटिकेतून किंवा ज्यांच्याकडे लागवड आहे अशा बागाईतदाराकडून घ्यावे. वनक्षेत्रातून परवानगीशिवाय कंद खणून आणू नयेत. बाजारात 'बचनाग' या नावाने मागणी केल्यास घोटाळा होण्याचा संभव आहे. हे नाव काही ठिकाणी कळलावीस दिले जाते, परंतु मूळचा बचनाग ही हिमालयात होणारी निराळी वनस्पती आहे व तीही अत्यंत विषारी आहे.

कंद निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) टोकाचा डोळा शाबूत असावा. टोकाशी लहान, फिकट रंगाचा उंचवटा दिसतो. टोक काळे पडलेले किंवा मऊ झालेले कंद घेऊ नयेत.

(२) कंद हातास कडक लागावा. थोडी सुरकुती चालते, मात्र दाबल्यास पाणी सुटणारा कंद कुजका समजावा.

(३) त्याच वर्षी फुले हवी असल्यास फाट्याचे वजन ५० ते ६० ग्रॅम असावे. याहून लहान फाटे टाकून देऊ नयेत. ते उगवतात, पण पहिल्या वर्षी बहुधा फुलत नाहीत, फक्त कंद मोठा करतात.

बियांपासूनही रोपे होतात. परंतु बी उगवण्यास वेळ घेते, उगवण एकसारखी होत नाही आणि फुले येण्यास तीन-चार वर्षे लागतात. म्हणून घरगुती लागवडीसाठी कंदच सोयीचे.

फाटे वेगळे करणे

दुफाटी कंद तसाच लावला तरी उगवतो. परंतु दोन्ही फाट्यांचे वेल एकाच जागी येऊन गर्दी होते, किंवा एकच वेल जोर धरतो. फाटे वेगळे करून लावल्यास दोन स्वतंत्र झाडे मिळतात.

हे काम कंद काढल्यावर, तो सुप्तावस्थेत असताना करावे. डोळे फुगू लागल्यावर केल्यास धक्का लागून ते मोडतात. दोन्ही फाटे कोपऱ्याजवळ धरावेत, टोकाकडे धरू नयेत. कोपऱ्याशी हलकेच वाकवले की कंद तेथेच मोडतो. न मोडल्यास धारदार सुरीने नेमक्या कोपऱ्यावर काप द्यावा. सुरी प्रत्येक कंदानंतर स्पिरिटने पुसावी आणि ती पुन्हा स्वयंपाकात वापरू नये. कापलेल्या जागी चाळलेली लाकडाची राख लावून फाटे दोन-तीन दिवस सावलीत, हवेशीर जागी ठेवावेत. जखम कोरडी होऊन तिच्यावर पापुद्रा धरला म्हणजे साठवणीस घ्यावेत.

साठवण

कंद साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत सुप्त असतात. या काळात दोन गोष्टींपासून जपावे लागते. ओल मिळाली तर कंद कुजतात आणि उघडे राहिले तर वाळून हलके होतात.

लाकडी खोके, पसरट टोपली किंवा जुनी मातीची कुंडी घ्यावी. तळाशी कोरड्या वाळूचा किंवा नारळाच्या भुश्याचा थर द्यावा. त्यावर फाटे एकमेकांस न लागतील असे मांडावेत व वर पुन्हा तसाच थर द्यावा. एकावर एक असे दोनहून अधिक थर करू नयेत. बंद प्लॅस्टिक पिशवीत कंद मुळीच ठेवू नयेत, आत पाणी सुटून बुरशी येते. खोके घरातील थंड, अंधाऱ्या व हवेशीर जागी, उंदरांपासून सुरक्षित ठेवावे. त्यावर 'विषारी - खाण्याचे नाही' असे ठळक अक्षरांत लिहावे. ज्यांना वाचता येत नाही अशा घरातील माणसांना तोंडी सांगून ठेवावे.

महिन्यातून एकदा खोके उघडून पाहावे. कुजका फाटा ताबडतोब काढून पुरून टाकावा व त्याच्या आजूबाजूची वाळू बदलावी.

निचऱ्याच्या हलक्या जमिनीत कंद जागेवरच राहू दिले तरी चालतात. मात्र फाटे वेगळे करावयाचे असल्यास कंद काढावेच लागतात.

जमीन व कुंडी

पाण्याचा उत्तम निचरा ही कळलावीची पहिली गरज आहे. तांबडी, मुरमाड किंवा पोयट्याची जमीन चांगली. भारी काळ्या जमिनीत सपाट वाफ्यात लावल्यास पावसाळ्यात कंद कुजतात. अशा ठिकाणी २० ते ३० सें.मी. उंचीचे गादीवाफे करून त्यांत वाळू व शेणखत मिसळावे.

कुंडी किमान ३० सें.मी. व्यासाची व तितक्याच खोलीची असावी. तळाची भोके खापरीच्या तुकड्यांनी झाकून वर दोन भाग माती, एक भाग वाळू व एक भाग चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरावे. गेल्या वर्षी ज्या कुंडीत कंद कुजला त्या कुंडीतील माती पुन्हा वापरू नये.

जागा अशी निवडावी की वेलास सकाळचे ऊन मिळेल आणि बुडाशी सावली राहील. कुंपणाच्या झुडपांत वेल आपोआप वाढतो तो याच कारणाने.

लागवड

मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीस खोके उघडल्यावर टोकाचे डोळे फुगलेले दिसतील. हीच लागवडीची वेळ. कोंब लांब होण्याची वाट पाहू नये, कारण कोंब अतिशय ठिसूळ असतो. तो बुडातून मोडल्यास त्या वर्षीचे झाड बहुधा हातचे जाते.

लावण्यापूर्वी एक लिटर पाण्यात १० ग्रॅम ट्रायकोडर्मा भुकटी कालवून त्यात फाटे अर्धा तास बुडवावेत व सावलीत निथळू द्यावेत. ही प्रक्रिया केल्यास रासायनिक बुरशीनाशक त्याच वेळी वापरू नये, त्यामुळे ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मरते.

फाटा ६ ते ८ सें.मी. खोलीवर आडवा ठेवावा. वेल टोकाकडून निघतो हे लक्षात घेऊन कुंडीत फाट्याचे टोक मध्यभागी, आधाराच्या काठीजवळ येईल अशा रीतीने ठेवावे. नवशिके फाट्याचा मध्य कुंडीच्या मध्यावर ठेवतात. मग कोंब काठाशी निघतो व आधारापर्यंत पोहोचण्याआधीच लोळतो. काठी लागवडीच्या वेळीच रोवावी. नंतर रोवल्यास ती कंदात शिरण्याची भीती असते. वाफ्यात दोन फाट्यांत सुमारे ४५ सें.मी. अंतर ठेवावे.

माती हलक्या हाताने लोटावी, पायाने दाबू नये. एकदा पाणी द्यावे व कोंब दिसेपर्यंत माती फक्त ओलसर ठेवावी. सर्व फाटे एकदम उगवत नाहीत, काही महिनाभर मागे राहतात. न उगवलेला फाटा उकरून पाहावा. तो कडक असल्यास तसाच झाकून ठेवावा. कधीकधी फाटा आणखी बराच काळ सुप्त राहून नंतर उगवतो.

आधार

कळलावीच्या पानांची टोके ताणाप्रमाणे वळलेली असतात व त्यांच्या साहाय्याने वेल चढतो. हे ताण नाजूक असल्याने त्यांना जाड खांब धरता येत नाही. आधार बारीक हवा. तुरकाट्या यासाठी उत्तम, कारण त्यांना बारीक फांद्या असतात. कारवीच्या काठ्या, बांबूच्या कामट्या किंवा ताणलेली तारही चालते. वेल दीड ते तीन मीटरपर्यंत वाढतो. कोवळा शेंडा हाताने वळवू नये, आधार त्याच्याजवळ न्यावा.

खत व पाणी

वेल ३० सें.मी. उंच झाल्यावर बुडापासून थोड्या अंतरावर दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत द्यावे. कळ्या दिसू लागल्यावर तेवढेच पुन्हा द्यावे. मूठभर लाकडाची राख मिसळल्यास पालाश मिळते, ते कंद भरण्यास उपयोगी पडते. ताजे शेण घालू नये. नत्राचा अतिरेक झाल्यास वेल माजतो व कंद लहान राहतो.

पावसाळ्यात पाणी साचू न देणे हेच पाण्याचे व्यवस्थापन होय. उघडीप पडल्यास आणि पाऊस संपल्यावर पाच-सहा दिवसांच्या अंतराने पाणी द्यावे. पाने पिवळी पडू लागली म्हणजे पाणी बंद करावे.

फुले व कंदाची वाढ

फुले साधारण जुलै-ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत येतात. पाकळ्या प्रथम हिरवट-पिवळ्या असतात, मग पिवळ्या-लाल व शेवटी गर्द लाल होतात. पूजेसाठी किंवा फुलदाणीसाठी फुले घ्यावयाची झाल्यास देठासह फक्त फूल खुडावे. लांब दांडा कापल्यास पाने कमी होतात आणि तितका कंद कमी भरतो. बी नको असल्यास फूल उतरल्यावर शेंगा काढून टाकाव्यात, म्हणजे अन्न कंदाकडे जाईल.

कीड व रोग

लिलीवरील अळी ही या वेलाची मुख्य कीड आहे. काळसर अंगावर पांढरे व लाल ठिपके असलेल्या या अळ्या पाने व कळ्या खाऊन वेल ओका करतात. दोन-चार वेलांवर त्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे पुरेसे होते. प्रादुर्भाव अधिक असल्यास ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा.

सतत दमट हवामानात पानांवर करपा येतो. रोगट पाने काढून नष्ट करावीत व वेलांत हवा खेळती राहील असे पाहावे. कंदकूज झाल्यास वेल अकाली पिवळा पडून बुडातून सुटतो. त्यावर नंतर उपाय चालत नाही. निचरा व निरोगी बेणे हाच उपाय.

कंद काढणी

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वेल वाळतो. वेल पूर्ण वाळल्यावरही दोन-तीन आठवडे कंद जमिनीत राहू द्यावेत, म्हणजे साल पक्की होते. वाळलेला वेल वाऱ्याने निघून जातो व जागा सापडत नाही, म्हणून तेथे खुंटी रोवून ठेवावी.

खणताना खुंटीपासून ३० सें.मी. लांब, सभोवार कुदळ चालवावी. डोळे फाट्यांच्या टोकांना असल्याने कुदळीचा घाव प्रथम त्यांनाच लागतो. जवळ आल्यावर माती हातमोजे घालून हातानेच बाजूला करावी. कंद एका फाट्यास धरून ओढू नये, खालून ओंजळीत उचलावा. कुंडी असल्यास ती सरळ आडवी करून माती मोकळी करावी. कंद धुऊ नयेत, माती मऊ ब्रशने झाडावी.

एकाचे किती होतात?

समजा, पहिल्या वर्षी चार दुफाटी कंद आणले. त्यांचे आठ फाटे झाले. त्यांतील सहा झाडे जगली असे धरू. प्रत्येकाखाली नवा दुफाटी कंद धरला तर दुसऱ्या वर्षी लावण्यास बारा फाटे मिळतील. त्यांतील नऊ झाडे जगल्यास तिसऱ्या वर्षी अठरा. हा केवळ हिशेब आहे. अशक्त झाडाखाली एकच फाटा धरतो, काही कंद कुजतात. तरीही चार तुटके कंद लावण्यापेक्षा हा मार्ग निश्चित फायद्याचा आहे. नफ्यासाठी शेतभर लागवड करू इच्छिणाऱ्यांनीही प्रथम दोन-तीन वर्षे परसात बेणे वाढवावे. या पिकात बेण्याचाच खर्च मोठा असतो. बियांची विक्री कोठे होणार याची खात्री करून मगच क्षेत्र वाढवावे.

वर्षाचे वेळापत्रक

मेअखेर ते जून : डोळे फुगल्यावर बेणेप्रक्रिया, लागवड व आधार.
जुलै ते सप्टेंबर : निचरा, खत, अळ्या वेचणे.
ऑक्टोबर : पाने पिवळी पडताच पाणी बंद, खुंटी रोवणे.
नोव्हेंबर ते डिसेंबर : काढणी, फाटे वेगळे करणे, जखम सुकवणे.
जानेवारी ते मे : वाळूत साठवण, महिन्यातून एकदा तपासणी.

बेणे वाढल्यावर एखादा फाटा शेजाऱ्यास किंवा गावच्या शाळेच्या बागेस द्यावासा वाटेल. तो जरूर द्यावा, मात्र शाळेत मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागीच लावावयास सांगावे. देताना टोकाचा डोळा दाखवावा आणि हा कंद विषारी आहे हे स्पष्ट सांगावे. ही माहिती न देता कोणालाही कंद देऊ नये.